हिमनगांनी सांडलेली वाळू : न्यूफाउंडलंडमधील सात दिवस

बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवताना कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड या बेटाचे नाव मी फळ्यावर दरवर्षी न चुकता लिहीत आले. नकाशावर उत्तरेकडून उतरणारा लॅब्राडोरचा थंड प्रवाह निळ्या खडूने, दक्षिणेकडून चढणारा गल्फचा उष्ण प्रवाह लाल खडूने, आणि दोघांची गाठ पडते तेथे दाट धुके व ग्रँड बँक हे मासेमारीचे क्षेत्र. हे उत्तर मी मुलांकडून इतके घोटून घेतले आहे की आज पन्नाशीला टेकलेले माझे विद्यार्थीही ते झोपेत म्हणून दाखवतील. ते दोन बाण मात्र मी नेहमी एखाद्या पर्वतासारखे कायमचे, अढळ मानले. माझी भाची तेथील सेंट जॉन्स शहरातल्या मेमोरियल विद्यापीठात समुद्रतळाच्या गाळावर संशोधन करते. तिचा फोन आला, "मावशी, जूनच्या सुरुवातीला ये. हिमनग तर दिसतीलच, पण तुझा लाल बाण एकेकाळी कसा मंदावला होता, तेही तुला दाखवते." यानंतर घरी बसणे शक्यच नव्हते.

पहिला दिवस : धुके

टोरांटोहून निघालेले आमचे विमान सेंट जॉन्सवर पोहोचले खरे, परंतु अर्धा तास घिरट्या घालूनही धावपट्टी दिसेना, म्हणून वैमानिकाने ते हॅलिफॅक्सला वळवले. हवामानाचे कारण असल्यामुळे राहण्याची सोय ज्याची त्याने करायची होती. रात्री अकरा वाजता अनोळखी गावात खोली शोधताना जीव रडकुंडीला आला. माझ्या शेजारच्या आसनावर न्यूफाउंडलंडच्या एक आजीबाई होत्या. त्यांनीच ओळखीच्या घरगुती निवासात मला सोबत नेले आणि गरम सूप पुढे ठेवत सांगितले, "आमच्याकडे जूनमध्ये तीनच ऋतू असतात, पाऊस, रिमझिम आणि धुके." तेथील लोक या तिन्हींना मिळून 'आर.डी.एफ.' असे आटोपशीर नाव देतात.

ज्या धुक्याने माझा एक दिवस बुडवला, ते त्या दोन बाणांचेच अपत्य होते. उबदार पाण्यावरून आलेली दमट हवा लॅब्राडोरच्या थंड पाण्यावर येते आणि तिच्यातील बाष्प गार होऊन धुक्याच्या रूपाने पसरते. फळ्यावरचे वाक्य मला प्रथमच अंगावर जाणवले.

ज्यांना या बाजूला यायचे आहे, त्यांनी जाताना आणि परतताना एकेक दिवस हाताशी मोकळा ठेवावा. घड्याळाचा हिशेब मात्र सोपा आहे. न्यूफाउंडलंडची प्रमाणवेळ अर्ध्या तासाच्या फरकाची आहे आणि आपलीही तशीच, त्यामुळे उन्हाळ्यात आपण त्यांच्या बरोबर आठ तास पुढे असतो. घरी फोन करताना डोके खाजवावे लागत नाही.

दुसरा दिवस : सिग्नल हिल

दुपारी पोहोचले. भाचीने विमानतळावरच लोकरीची टोपी माझ्या डोक्यावर घातली, कारण तापमान सहा अंश होते आणि वारा बोचत होता. संध्याकाळी धुके विरले तेव्हा सिग्नल हिलवर गेलो. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संदेश येथेच ऐकला. खाली बंदराचे अरुंद तोंड, उतारावर लाल, पिवळी, जांभळी लाकडी घरे, आणि समोर आयर्लंडपर्यंत नुसते पाणी.

त्या पाण्यावर दूर एक पांढरा ठिपका होता. मला ते जहाज वाटले. भाचीने दुर्बीण दिली. तो हिमनग होता. पश्चिम ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून सुटलेले हे नग आधी प्रवाहाबरोबर उत्तरेला बॅफिनच्या उपसागरात जातात, तेथून वळसा घेऊन लॅब्राडोरच्या किनाऱ्याने खाली उतरतात, आणि बहुतेकांना येथवर यायला एक ते तीन वर्षे लागतात. ज्यांनी हा प्रवास पुरा केला, त्यांपैकीच एकाने एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकला गाठले होते.

तिसरा दिवस : एक चिमूट गाळ

हा दिवस मी संपूर्ण प्रयोगशाळेत घालवला आणि संपूर्ण प्रवासात हाच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

समुद्रतळात लांब नळी खुपसून गाळाचा सलग दंडगोल वर काढतात, त्याला येथे सारे 'कोअर' म्हणतात. तो उभा चिरला की वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. भाचीने मला दोन लहान काचपट्ट्या दिल्या. पहिली सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा साबुदाण्यासारखे गोल, पांढरे, फुगीर कण दिसले. ते फोरामिनिफेरा या समुद्रातील एकपेशीय जीवांची कवचे होती. "हा नेहमीचा गाळ," ती म्हणाली. दुसऱ्या पट्टीवर साबुदाणा जवळजवळ नव्हता. तेथे होती वाळू. कोनदार, फुटलेले, राखाडी आणि पिवळट दाणे, कडा अजून धारदार असलेले. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, दोन-तीन हजार मीटर खोल पाण्याखाली वाळू कशी पोहोचेल? वारा एवढे जड दाणे नेत नाही, नदीची पोच तेथवर नाही. ती बहुधा बर्फाच्या पोटातूनच येते. हिमनदी खडक घासत समुद्रापर्यंत येते, तिचा तुकडा नग होऊन सुटतो, आणि तो वितळताना पोटातील दगडमाती वाटेत सांडत जातो.

हे थर प्रथम बारकाईने मोजले जर्मनीच्या हार्टमुट हाइनरिख यांनी. ईशान्य अटलांटिकमध्ये ड्राइत्साक नावाच्या बुडालेल्या पर्वताभोवतीचा गाळ तपासताना त्यांना ठराविक खोलीवर पुन्हापुन्हा अशी वाळू सापडली, आणि १९८८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे जेरार्ड बाँड, वॉलेस ब्रोकर आणि इतरांनी हेच थर अटलांटिकभर शोधले, आणि या घटनांना हाइनरिख यांचेच नाव रूढ झाले. गेल्या सुमारे साठ हजार वर्षांत अशा सहा मोठ्या घटना घडल्या. लॅब्राडोरच्या समुद्रात हे थर जाड आहेत, आणि पूर्वेला युरोपकडे जावे तसे ते पातळ होत जातात. वाळू कोठून निघाली आणि कोणत्या दिशेने गेली, हे त्या उतरत्या जाडीवरूनच कळते.

"आणि मावशी, आता हे बघ." तिने दुसऱ्या पट्टीतील चार-दोन पिवळट दाणे बाजूला घेऊन त्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. एक दाणा लगेच फसफसला, दुसरा अगदी सावकाश. पहिला चुनखडीचा, दुसरा डोलोमाइटचा. अटलांटिकच्या उत्तर कडेला अशा चुनखडीचा मोठा साठा हडसनच्या उपसागरात आणि सामुद्रधुनीत आहे. हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग लॉरेंटाइड नावाच्या बर्फाच्या चादरीखाली होता, ती काही ठिकाणी तीन किलोमीटर जाड होती, आणि हडसनची सामुद्रधुनी हे तिचे मुख्य दार होते. ते दार अधूनमधून उघडले आणि नगांचा तांडाच्या तांडा बाहेर लोटला. मी तो फसफसणारा दाणा कितीतरी वेळ पाहत राहिले. तीन हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेला खडा आपले गाव सांगत होता.

दुपारच्या डब्यात भाचीने पोळी-भाजी आणली होती. जेवताना मी तिला माझा खरा प्रश्न विचारला. नग वितळले, पाणी समुद्रात मिसळले, त्यात प्रवाह थांबण्यासारखे काय आहे?

तिचे उत्तर माझ्या शब्दांत मांडते. उत्तर अटलांटिकमध्ये माझ्या लाल बाणाच्या दिशेने पृष्ठावरून येणारे खारे, उबदार पाणी आपली उष्णता हवेला देत गार होते, खारटपणामुळे आधीच जड असते, ते आणखी जड होऊन खोल तळाशी बुडते, आणि तेथून दक्षिणेकडे निघते. बुडालेल्या पाण्याची जागा घ्यायला दक्षिणेकडून नवे पाणी वर येत राहते. एखाद्या रहाटासारखी ही फिरती आहे. आजच्या काळात ती दर सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी फिरवते, आणि २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर बसवलेली यंत्रमालिका तिचे सतत मोजमाप घेते. आता नेमके पाणी बुडते त्या जागेवर गोड्या पाण्याचा थर पसरला, तर वरचे पाणी कितीही गार झाले तरी हलकेच राहते आणि बुडत नाही. रहाटाचा दोर तेथेच तुटतो.

असे घडले याचा पुरावा वाळूच्या थरात नाही, तो दोन किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या प्रमाणात आहे. समुद्रातील विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम ठराविक प्रमाणात सतत तयार होत असतात. थोरियम लगेच कणांना चिकटून जागच्या जागी तळाला बसते. प्रोटॅक्टिनियम पाण्यात जास्त काळ टिकते, म्हणून खोल प्रवाह वाहत असेल तर त्याचा बराच भाग अटलांटिकबाहेर वाहून जातो आणि गाळात कमी उरतो. प्रवाह थांबला तर दोन्ही जेथल्या तेथे बसतात. जेरी मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या गाळात हे प्रमाण मोजले आणि २००४ मध्ये सांगितले, की सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी, हाइनरिखच्या पहिल्या घटनेच्या काळात (क्रम अलीकडून मागे मोजतात), हे प्रमाण प्रवाह जवळजवळ बंद असल्यासारखे झाले होते. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी तो पुन्हा झपाट्याने सुरू झाला. म्हणजे माझा लाल बाण जवळपास तीन हजार वर्षे लंगडत होता. फळ्यापुढे उभी असताना मला हे कोणी सांगितले असते, तर मी विश्वास ठेवला नसता.

मग नगच दोषी, असे मी म्हटले. भाचीने मान हलवली. या बाबतीत विद्वानांचा वाद अजून संपलेला नाही. डग्लस मॅकेयल यांनी १९९३ मध्ये असे मांडले, की बर्फाची चादर हजारो वर्षे जाड होत जाते, पृथ्वीच्या आतील उष्णतेने तिचा तळ विरघळतो आणि मग ती घसरत समुद्रात रिती होते. परंतु स्टीफन बार्कर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आइसलँडच्या दक्षिणेकडील गाळावरून दाखवले, की तेथे थंडी बहुतेक वेळा आधी आली आणि नग मागून. अभ्यासकांत एक मत असेही आहे, की फिरती आधी मंदावली, उष्णता पृष्ठाखाली साठून राहिली, तिने बर्फाच्या कडा खालून पोखरल्या, नग सुटले, आणि त्यांच्या गोड्या पाण्याने आधीच मंदावलेली फिरती आणखी अडवली. मला हे दुसरे चित्र जास्त पटते. एकाच्या चुकीने दुसऱ्याचे आणि दुसऱ्याच्या चुकीने पहिल्याचे बिघडत जावे, तसा हा प्रकार आहे.

याचा आपल्याशी काय संबंध, हे सांगण्याची गरज भाचीला पडली नाही. गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तिने एम.एस्सी.चा प्रकल्प केला होता, तोही अरबी समुद्रातील गाळावरचाच. उत्तर अटलांटिक गोठत चालल्याच्या त्या काळात आपला नैऋत्य मोसमी वारा दुबळा पडला होता. पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळच्या गाळात ते सरळ डोळ्यांनी दिसते. मोसमी वारा जोरात असला की समुद्रात जीवसृष्टी भरभरून वाढते, तळाचा प्राणवायू संपतो आणि पातळ पातळ गडद थर जसेच्या तसे राहतात. तो दुबळा झाला की तळाला प्राणवायू मिळतो, किडे गाळ उकरतात आणि थर फिकट, एकजीव होतो. हाइनरिखच्या घटनांच्या काळात हे फिकट थर आहेत. चीनमधील गुहांच्या तळावर वाढलेल्या चुनखडीच्या स्तंभांतही तीच नोंद आहे. हडसनच्या दारातून बर्फ सुटला आणि सह्याद्रीच्या वाऱ्याचा जोर ओसरला, ही एकाच काळातली गोष्ट आहे.

चौथा दिवस : ट्विलिंगेटकडे

मोटारीने सुमारे साडेचारशे किलोमीटर. वाटेत ठेंगणी स्प्रूसची झाडे, काळी डबकी, आणि माळावर एकटेच बसलेले प्रचंड धोंडे, हिमनद्यांनी आणून टाकलेले. या बेटावर मूस नावाचे मोठे सांबरासारखे प्राणी रस्त्यावर येतात, तेव्हा अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, हे येथे प्रत्येक जण सांगतो आणि ते ऐकावेच. पेट्रोलपंप विरळ आहेत, गँडरला टाकी भरून घ्यावी.

राहण्याचे घर साठीच्या एका बाईंचे होते. रात्री त्यांनी 'फिश अँड ब्रूइस' केले. खारवून वाळवलेला कॉड मासा आणि दगडासारखा कडक पाव रात्रभर वेगवेगळे भिजत घालायचे, सकाळी उकडायचे, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकायचे. चरबी मी नाकारली. पण तो वाळवलेला मासा तोंडात घातला आणि मला माझ्या आजोळच्या, रत्नागिरीजवळच्या अंगणातल्या सुक्या बोंबलाची आणि बांगड्याची आठवण आली. वाळवण, मीठ आणि वारा यांची चव जगात सारखीच असावी.

पाचवा दिवस : वाऱ्याने अडवले

सकाळी होडीवाल्याने फोन केला, वारा जास्त आहे, आज समुद्रात जाता येणार नाही. दीपगृहापर्यंत चालत गेलो. १८७६ मध्ये बांधलेले लाँग पॉइंटचे हे दीपगृह सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. तेथे एक जुने मच्छीमार भेटले. २ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते, आणि त्या दिवसानंतर त्यांची होडी कायमची उलटी पडली. शब्द थोडे, पण डोळे समुद्रावरून हलेनात. निरोप घेताना त्यांनी विचारले, हिमनगाचा बर्फ पाहिला का? आणि घरी नेऊन शीतपेटीतला एक तुकडा दिला. तो किनाऱ्याला लागलेला नगाचा तुकडा त्यांनी गेल्या आठवड्यात उचलला होता. काचेसारखा निर्मळ, आत बारीक हवेचे बुडबुडे, आणि एका कडेला राखाडी पट्टा.

दुपारी स्वयंपाकघरात मी तो एका स्टीलच्या वाटीत ठेवला. बुडबुडे फुटताना कानाशी धरले तर बारीक तडतड ऐकू येते, हजारो वर्षांपूर्वीच्या बर्फात अडकलेली हवा मोकळी होत असते. भाचीने बादलीतून समुद्राचे पाणी आणले होते. ते मी काचेच्या उंच भांड्यात घेतले, वितळलेल्या गोड्या पाण्यात दोन थेंब काळा चहा टाकला आणि चमच्याच्या पाठीवरून अलगद ओतले. तांबूस थर वर, निर्मळ पाणी खाली. अर्धा तास थांबलो, तो तसाच. मग भांड्याच्या तोंडावर बर्फ लावून वरचे पाणी गार केले. चहाचा थर खाली गेला नाही. घरच्या बाई आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू दोघेही ओट्याला टेकून बघत होते. मुलाने विचारले, खालच्या पाण्याला थंडी कशी पोहोचणार? शाळेत असा प्रश्न मला बत्तीस वर्षांत दोन-तीनदाच ऐकायला मिळाला.

वाटीच्या तळाशी चिमूटभर राखाडी गाळ उरला होता. तो कागदात पुडी करून ठेवला.

सहावा दिवस : नगासमोर

पहाटे वारा पडला. होडीत आम्ही सात जण. नगाच्या लांबीइतके किंवा उंचीच्या दुप्पट, यांपैकी जे जास्त असेल तेवढे अंतर राखूनच होडी थांबते, कारण नग कधी उलटेल याचा नेम नसतो. त्याचा जवळजवळ नऊदशांश भाग पाण्याखाली असतो, आणि वितळण्याने तोल बदलला की सारे एका क्षणात फिरते. उबदार कपडे, पाणी न शिरणारे जाकीट आणि हातमोजे जूनमध्येही हवेत. मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी.

नग दोन शिखरांचा होता, मध्ये पाण्याच्या पातळीशी हिरवट-निळा खोलगट भाग. पांढरा म्हणावा तर पांढरा नव्हता, त्याच्या अंगात निळसर उजेड होता. एका बाजूला तिरपी, काळपट रेघ. त्या रेघेतून थेंबथेंब पाणी गळत होते आणि अधूनमधून टप असा आवाज येत होता. एक खडा सुटून पाण्यात पडल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले. होडीत कोणीही बोलत नव्हते.

हा एकच नग होता. हाइनरिखच्या घटनांत असे किती निघाले असतील, याचा विचार करताना मला समुद्र पांढरा झालेला दिसू लागला. भाची सांगत होती, त्या काळी ध्रुवीय पाण्यात राहणारी डाव्या वळणाची कवचे पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळच्या गाळात सापडतात. तेथवर ध्रुवाचे पाणी पोहोचले होते. आज तसे तांडे सुटत नाहीत, पण ग्रीनलंडचे वितळलेले पाणी उत्तर अटलांटिकमध्ये येतच आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालाने या शतकात ही फिरती मंदावणे अत्यंत संभाव्य मानले आहे, आणि २१०० पूर्वी ती अचानक कोसळणार नाही, असे मध्यम खात्रीने म्हटले आहे. मी परतून नकाशा काढीन तेव्हा त्या लाल बाणाला तुटक रेघ द्यावी असे मला वाटते.

सातवा दिवस : पुडी

परतीच्या विमानाला पाच तास होते. भाची म्हणाली, "मावशी, ती पुडी आण." प्रयोगशाळेत तिने काल-परवाच्या त्या राखाडी चिमटीतले सहा दाणे काचपट्टीवर ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली ते तसेच कोनदार, धारदार दिसले, हडसनच्या दाण्यांसारखेच. तिने आम्लाचा थेंब टाकला. मी वाट पाहत होते. एकही दाणा फसफसला नाही. पश्चिम ग्रीनलंडचा बराचसा खडक नाइस या रूपांतरित प्रकारचा आहे, चुनखडीचा नाही. दाणे क्वार्ट्झचे होते.

तिने एका छोट्या कुपीत उरलेला गाळ भरला, झाकणावर ट्विलिंगेट आणि जूनची तारीख लिहिली आणि कुपी माझ्या हातात दिली. विमान वेळेवर निघाले, बाहेर धुके नव्हते.